एक वाकडा दात

कवळीमास्तरांनी जन्मभर लोकांना दात करून दिले, पण त्यातल्या एकाचंही तोंड कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. खोटं वाटतं ना? पण धंदाच तसा आहे, त्याला कोण काय करणार! दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेतो आणि डब्यात घालून यांच्याकडे पाठवतो. हे त्यात प्लॅस्टर ओतून जबडा बनवतात, त्याच्यावर मेणात एकेक दात रचतात. डॉक्टर ते मेणातले दात एकदा पेशंटच्या तोंडात घालून बघतो आणि परत पाठवतो. मग मास्तर मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लॅस्टिक दाबतात, गरम पाण्यात शिजवतात, घासतात, चमकवतात. झाली कवळी तयार. ती निघाली पुन्हा डॉक्टरकडे. पेशंटला वाटतं, डॉक्टरने दात दिले. काही दिवसांनी डॉक्टरलाही तसंच वाटायला लागतं.

‘मास्तर’ ही पदवी बायकोने दिलेली. लग्न होऊन नवी आली तेव्हा कपाटात ओळीने मांडलेले जबडे बघून ती म्हणाली होती, “अगंबाई, हा तर वर्गच भरलाय!” तेव्हापासून घराच्या मागच्या खोलीला ‘वर्ग’ म्हणायचे आणि यांना मास्तर. हाताखाली कोणी नाही. मास्तर एकटे, एक गॅसची शेगडी, एक घासायचं मशीन आणि सगळ्या वस्तूंवर प्लॅस्टरची पांढरी धूळ. चहाच्या कपावरसुद्धा.

कला मामांकडून शिकलेले. मामा दातांचे एवढे कारागीर, पण स्वतःच्या तोंडात एक दात नाही, आणि जन्मात स्वतःची कवळी करायला त्यांना सवड झाली नाही. सगळं शिक्षण बोळक्या तोंडाने. त्यामुळे मास्तरांना बोळक्या माणसाचं बोलणं मातृभाषेसारखं कळायचं. मास्तरांच्या बायकोला त्यातला एक शब्द कळत नसे. मामा घरी आले की ती नुसती मान हलवायची, आणि मामा खूश व्हायचे की भाचेसून किती समजूतदार आहे.

असं सगळं चाललं होतं, आणि मग ती साथ आली.

त्या दिवसांबद्दल काय सांगायचं? सगळ्यांनीच भोगलेत. पहिल्या आठवड्यात लोक म्हणाले, बरं झालं, जरा विश्रांती. दुसऱ्या आठवड्यात भांडले. मग भांडायचाही कंटाळा आला. सकाळी उठायचं, चहा प्यायचा, खिडकीत उभं राहायचं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चौकातला सिग्नल लाल, पिवळा, हिरवा होत राहायचा, कोणासाठी ते देव जाणे. समोरच्या कपड्यांच्या दुकानातले पुतळे थंडीचे स्वेटर घालून उन्हाळ्यात उभे. बातम्यांत रोज आकडा वाढायचा. मास्तरांनी शेवटी टीव्हीला पाठ करून बसायला सुरुवात केली.

दवाखाने बंद, म्हणजे डबे बंद. जे डबे आले होते ते अर्धवट अवस्थेत फळीवर पडून. मेणातले दात, मालकांवाचून. मास्तर अधूनमधून वर्गात जाऊन फडक्याने त्यांच्यावरची धूळ पुसायचे. “शाळेला सुट्टी लागली तरी मास्तरांना चैन नाही,” बायको म्हणायची. ती स्वतः शिवणयंत्रावर मास्क शिवत होती, शेजारपाजारच्यांसाठी.

“तुझं बरंय,” मास्तर म्हणाले एकदा. “तू तोंडं झाकतेस. आता आत दात आहेत की नाहीत, कोण बघतंय?”

“मग बसा की निवांत!”

“निवांत बसूनच थकलोय गं.”

हे ते मनापासून बोलले. काम करून माणूस थकतो, झोपतो आणि सकाळी पुन्हा माणसात येतो. हा थकवा झोपूनही जात नव्हता. अंगात ओलं प्लॅस्टर भरल्यासारखं वाटायचं, आणि ते हळूहळू घट्ट होत चालल्यासारखं.

अशा एका सकाळी फोन वाजला. बायकोने उचलला, थोडा वेळ ऐकलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. “तुमच्या मामांच्या भाषेतलं कोणीतरी आहे.”

फोनवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. दातांच्या डॉक्टरकडून नंबर मिळवला, म्हणाल्या. त्यांची कवळी मास्तरांकडे होती, मेणात. “भाऊ, मला ती पाहिजे. आजच्या आज पाहिजे.”

मास्तर म्हणाले, “बाई, डॉक्टरांनी एकदा तोंडात घालून बघितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जरा धीर धरा. सगळ्यांचंच अडलंय.”

“मला खायला नकोत हो दात,” बाई म्हणाल्या, “मी दुधात पाव बुडवून खाते. माझा नवरा जेवत नाहीये.”

मग एकेक करत त्यांनी सगळं सांगितलं. नवरा वृद्धाश्रमात होता. डोकं चालेनासं झालेलं. स्वतःचं नाव विसरला, दिवस विसरला, पण बायकोला ओळखायचा. रोज दुपारी बाई जायच्या, शेजारी बसायच्या, हातावर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, “जेवा.” की तो जेवायचा. दुसऱ्या कोणी सांगितलं तर तोंड मिटून घ्यायचा. बाईंचे दात काढले गेले तेव्हाही बिघडलं नाही, हात ओळखीचा होता ना! साथ आली आणि आश्रमाचं दार बंद झालं. आता तिथल्या मावशी दुपारी आपल्या मोबाइलवर व्हिडिओ लावून द्यायच्या. आणि मोबाइलमध्ये काय दिसणार? गाल बसलेली, तोंडाचं बोळकं झालेली कोणीतरी म्हातारी. आवाजही बदललेला.

“मला म्हणतात, आजी, तुम्ही कोण? आणि ताट सरकवतात. चार चमचे दुधावर आणलंय त्यांना मावशींनी. आता तेही थुंकतात.”

मास्तरांनी वर्गाच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, “बघतो.”

डॉक्टरला फोन लावला तर तो हबकलाच. “मास्तर, नसत्या फंदात पडू नका. कोणाच्या तोंडाला हात लावू नका. तुम्हाला काही झालं तर?”

“हात नाही लावत. लांबून सांगतो.”

“आणि नाही बसली तर?”

“नाही बसली तर नाही बसली. तो माणूस असाही उपाशीच आहे.”

बायको मशीन थांबवून ऐकत होती. तिने फक्त दोन मास्क बाजूला काढून ठेवले, एकावर एक घालायला.

मास्तर वर्गात गेले आणि शेगडी पेटवली. बाईंचा डबा काढला. आता ऐका, इथेच खरी गोची झाली, आणि ती वाईट हेतूने मुळीच नाही. मास्तरांना वाटलं, इतक्या अडचणीतली बाई, हिला आपण असे दात देऊ की बघत राहावं. जन्मात केली नसेल अशी कवळी केली त्यांनी. मेणातले दात पुन्हा उचलून नव्याने रचले. समोरचे दोन एका रेषेत, बाजूचे किंचित आखूड, कडा हलक्या गोल. सगळं कसं सुतात! शिजवली, घासली, कापडाच्या चाकावर चमकवली. खिडकीच्या उजेडात धरून बघितली तेव्हा त्यांचा तो ओल्या प्लॅस्टरसारखा थकवा थोडा उतरला. बायकोला दाखवली. ती म्हणाली, “अहो, हे तर माझ्या दातांपेक्षा छान आहेत.” यापेक्षा मोठं बक्षीस त्यांना कोणी कधी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कवळी एका छोट्या डब्यात, ओल्या कापसात ठेवून निघाले. चालतच. बसगाड्या डेपोत रांगेने उभ्या होत्या, काचांवर धूळ. एवढ्या मोठ्या रस्त्यावर आपल्याच चपलांचा आवाज ऐकून मास्तरांना चोरासारखं वाटायला लागलं. चौकात पोलिसाने काठी आडवी घातली.

“कुठे निघालात? डब्यात काय आहे?”

“दात.”

“चेष्टा करता?”

मास्तरांनी डबा उघडला. पोलिसाने आत वाकून बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, “जा. पण लवकर परत या. आणि तो डबा कोणाला उघडून दाखवू नका, लोक आधीच घाबरलेत.”

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर. मास्तरांनी डबा दारासमोर ठेवला, बेल दाबली आणि जिना उतरून मधल्या वळणावर जाऊन उभे राहिले. दार उघडलं. छोट्या चणीच्या, पांढरे केस नीट विंचरलेल्या बाई. तोंडावर मास्क. त्यांनी डबा उचलला आणि मास्क खाली केला.

मास्तरांनी तो चेहरा पाहिला. हा जबडा त्यांना कणाकणाने ठाऊक होता. डाव्या बाजूचा उंचवटा, उजवीकडची खाच, सगळं. पण त्याच्यावर माणूस आहे, त्या माणसाचे डोळे रडून सुजलेत, हे त्या प्लॅस्टरमध्ये कुठे होतं?

“आधी पाण्याने ओली करा,” ते खालून म्हणाले. “मग वरची आधी. अंगठ्यांनी वर दाबा. दाबून धरा. आता खालची. आता थुंकी गिळा.”

बाईंनी सगळं केलं. साचा घेतल्याला बरेच दिवस लोटले होते, हिरड्या थोड्या बसल्या होत्या, त्यामुळे वरची जराशी हलत होती. पण बसली. गाल भरले, ओठ जागेवर आले. बाईंनी दाराशेजारच्या आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, आणि आता शब्द स्वच्छ होते, “मी जन्मभर असेच दात मागत होते देवाकडे.”

मास्तरांचा ऊर भरून आला. माणूसच आहे शेवटी.

दुपारची वेळ झालीच होती. बाई म्हणाल्या, थांबा, काही हललं-बिललं तर सांगाल. त्यांनी दारातच खुर्ची घेतली, स्टुलावर मोबाइल टेकवला. पलीकडे मावशी आल्या, डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकच्या कपड्यात. त्यांनी मोबाइल फिरवला. खाटेवर एक वाळलेला म्हातारा, समोर भाताची ताटली.

“अहो, मी आलेय,” बाई म्हणाल्या. “जेवा बरं.”

म्हाताऱ्याने मान पुढे काढून निरखलं. हे गृहस्थ छापखान्यात मुद्रितं तपासायचे, जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलेला. तो डोळा अजून शाबूत होता. तो हळूच म्हणाला, “मावशी, या बाई कोण?”

“आजोबा, तुमची बायको ना!”

“छे!” म्हातारा म्हणाला. “माझ्या बायकोचा पुढचा दात वाकडा आहे. बाजूच्या दातावर चढलेला. हसली की दिसतो.” आणि अगदी अदबीने मोबाइलला म्हणाला, “माफ करा हं बाई. तिला सांगा, मी वाट बघतोय. ती आली की जेवतो.”

ताटली सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

फोन बंद झाला. कुठल्यातरी घरात नळ गळत होता, तेवढाच आवाज. मास्तरांना वाटलं, जिना दुभंगावा आणि आपण त्याच्या पोटात जावं. एवढी कारागिरी, एवढी सफाई, आणि नेमकी तीच नडली! करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

“डॉक्टरांना सांगितलं नव्हतं का बाई, पूर्वीचे दात कसे होते ते?”

“मीच सांगितलं होतं, सरळ करा म्हणून.” बाईंनी खुर्चीची कड धरली होती. “लहानपणी सगळी मला त्या दातावरून चिडवायची. स्थळं सांगून यायची आणि परत जायची. लग्नाच्या फोटोतसुद्धा मी ओठ मिटून बसलेय. एकाही फोटोत तो दात नाही, भाऊ. मी येऊच दिला नाही. मला वाटायचं, यांनाही आवडत नसणार, चांगले म्हणून बोलत नाहीत इतकंच.” त्या थांबल्या. “आणि बघा, नेमका तोच लक्षात ठेवलाय.”

मास्तरांनी मान खाली घातली. दात वाकडा करायचा म्हणजे त्यांच्यासाठी काय होतं, ते दुसऱ्याला कळणार नाही. मामांनी वाकड्या दातासाठी त्यांच्या पाठीत धपाटे घातले होते. पण ते सगळं आता चुलीत गेलं.

“मला दाखवा कसा होता,” ते म्हणाले.

फोटो नव्हता. बाईंनी थोडा विचार केला. मग दोन बोटं वर धरली, पहिलं आणि मधलं, आणि मधलं बोट किंचित तिरपं करून पहिल्यावर चढवलं.

“एवढं?” मास्तरांनी खालून आपली बोटं तशी केली.

“नाही, इतकं नाही. थोडं कमी. टोक बाहेर.”

“असं?”

“हं. आणि मधे फट. काडी जाईल एवढी.”

दोघंही दोन बोटं वर करून जिन्यात उभे. वरच्या मजल्यावरून कोणी डोकावलं असतं तर म्हणालं असतं, साथीने लोकांची डोकी फिरली.

“सरळ दात जातील, बाई,” मास्तर म्हणाले. “एकदा कापले की पुन्हा असे नाही व्हायचे. या दिवसांत माझ्याकडे दुसरे दात मागवायची सोय नाही.”

बाईंनी पुन्हा एकदा आरशाकडे पाहिलं. हसून बघितलं, ओठ उघडे ठेवून. मग कवळी काढली, धुतली, डब्यात ठेवली आणि डबा पायरीवर ठेवून मागे सरल्या. “न्या,” त्या म्हणाल्या. पुन्हा मामांच्या भाषेत.

घरी पोहोचल्यावर मास्तरांनी हात धुतले, साबणाने आणि त्या झोंबणाऱ्या औषधाने. बोटं आधीच प्लॅस्टरने तडकलेली, ती चांगलीच चरचरली. बायकोने ताट वाढलं. ते म्हणाले, “मला नको. तिकडे तो जेवला नाही.”

“तुम्ही न जेवल्याने त्याचं पोट भरणार आहे का? बसा गुमान.”

बसले. जेवले. बायकोपुढे कोणाचं काय चालतं!

मग वर्गात जाऊन बारीक करवत घेतली. ज्या दातांना खिडकीच्या उजेडात धरून मिरवलं होतं, त्यातले समोरचे कापून काढले. पुन्हा मेण लावलं. दात वाकडा बसवायला सोपा वाटतो, पण हात ऐकेचना. इतक्या वर्षांची सवय! मास्तर तिरपा लावायचे आणि बोटं आपसूक त्याला सरळ करायची. दोनदा, तीनदा. शेवटी बायकोला बोलावलं. “माझ्यासमोर अशी दोन बोटं धरून बस.” तीही बसली बिचारी, मास्क शिवायचे सोडून. तिच्या बोटांकडे बघत बघत त्यांनी तो दात चढवला. टोक बाहेर काढलं. मधे काडी घालून फट मोजली. मग मेणाच्या जागी पुन्हा प्लॅस्टिक भरून पक्कं केलं. एक कडा मुद्दाम घासून बोथट केली, कारण वाकडा दात बाजूच्या दातावर घासून घासून झिजतोच. आणि हिरडीच्या बाजूने मऊ थर दिला, हलायची तक्रार राहू नये म्हणून.

“कशी झालीय?” त्यांनी विचारलं.

बायकोने बघितलं. “कोणाचे तरी दात वाटतात आता,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौकात तोच पोलीस. त्याने लांबूनच डबा ओळखला आणि काठी बाजूला घेतली.

बाई दारातच बसून होत्या. मावशींचा सकाळी फोन आला होता, की आजोबा उठून बसत नाहीयेत, डॉक्टर सलाईनचं बघतायत. बाईंनी कवळी घातली. या वेळी आरशात पाहिलंच नाही. स्टुलावर मोबाइल टेकवला आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसल्या.

मावशींनी म्हाताऱ्याला उशीला टेकवून बसवलं होतं. त्याचे डोळे अर्धे मिटलेले.

“अहो,” बाई म्हणाल्या.

त्याने डोळे उघडले. बाईंना रडू यायला लागलं, ते आवरायला त्या हसल्या. तो दात बाहेर आला.

म्हातारा बघत राहिला. जिन्याच्या वळणावर मास्तरांनी श्वास रोखून धरला होता. मास्कच्या आत त्यांना गुदमरायला लागलं.

“काय गं,” म्हातारा म्हणाला. आवाज अगदी खोल गेलेला, पण त्यात राग होता, चांगला घरचा राग. “कुठे होतीस इतके दिवस? मी इथे कोणाकोणाला विचारायचं?”

“अडकले होते हो. सगळंच बंद आहे. तुम्ही जेवला नाहीत म्हणे?”

“तू जेवलीस का?”

“मी जेवेन मागून. तुम्ही आधी जेवा.”

“खोटं बोलू नकोस. वाळलीयेस बघ किती.” म्हाताऱ्याने मावशींच्या हातातला चमचा घेतला. हात लटपटत होता, अर्धा भात चादरीवर सांडला. उरलेला त्याने तसाच उचलला, पुढे, अजून पुढे, मोबाइलपर्यंत. “आ कर.”

“अहो आजोबा, मोबाइल माझा आहे!” मावशी ओरडल्या. पण मोबाइल त्यांनी मागे घेतला नाही.

बाईंनी तोंड उघडलं. अगदी मोठं, लहान पोरांसारखं. चमचा काचेवर आपटला आणि पडद्यावर भात पसरला. त्या भाताच्या मागे म्हातारा धूसर दिसत होता. तो थांबून बघत होता, ही चावतेय की नाही. बाई चावायला लागल्या. नीट, सावकाश, दोन्ही बाजूंनी. घास गिळल्यासारखं केलं.

तेव्हा कुठे त्याने दुसरा चमचा भरला आणि स्वतःच्या तोंडात घातला. मग लगेच दरडावून म्हणाला, “थांबलीस का? चाव.” आणि बाई रिकामं तोंड चावत राहिल्या, ताटली संपेपर्यंत.